गच्ची, ओटीजी का डीहायड्रेटर? आंबा, अननस, केळी घरी वाळवायची आहेत

सातारची_केकवाली:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात गोडोलीला राहते, घरून केकच्या ऑर्डरी घेते. सध्या ज्याला त्याला केकवर वाळवलेल्या फळांच्या चकत्या पाहिजेत, मोसंबीचं चाक काय, अननसाचं फूल काय, आणि ऑनलाइन मागवायला गेलं तर मूठभर पाकिटाला काय पैसे लावतात ते विचारूच नका. त्यात घरात दोन पोरं, त्यांच्या डब्यात आंब्याच्या नाहीतर केळ्याच्या वाळवलेल्या फोडी देता आल्या तर ती चिप्सची पुडकी तरी बंद होतील. आता सासूबाई म्हणतात एप्रिलचं ऊन फुकट पडलंय, कुरडया घालतेसच की गच्चीवर, तसंच घाल. नवरा म्हणतो ओटीजी, तो छोटा विजेचा ओव्हन, काय शोभेला आणलाय का. आणि मी डीहायड्रेटर, म्हणजे फळं वाळवायचं विजेचं मशीन, ऑनलाइन कार्टमध्ये टाकून बसलेय पण बटण दाबायचा धीर होईना. कुणी केलंय का हे? केळी काळी पडू नयेत म्हणून काय करायचं? आणि माहेर तासगावचं असल्याने डोक्यात आलेली एक शंका, बेदाण्याला वापरतात ते डिपिंग ऑइल आंब्याच्या फोडींना चालेल का? भाऊ देतो म्हणतोय. हसू नका.

शेडवाला_कवठेमहांकाळ:
हसत नाही ताई, प्रश्न बरोबर आहे पण उत्तर नाही असंच आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्यातनं पाणी बाहेर निघत नाही, म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवून मग रॅकवर टाकायचे. तुम्ही आंबा सोलून कापणार, म्हणजे पाण्याला वाट आधीच मोकळी झाली, तेल लावून काय साधणार, वास तेवढा लागेल. गंधकाची धुरी पण कुणी सुचवेल, पिवळा बेदाणा करायला देतात ती, पण घरात ते धंदे नकोत, दम्याचं माणूस असेल तर लय त्रास.

आता सासूबाईंचं. त्या निम्म्या बरोबर आहेत. आमच्या बेदाण्याच्या शेडला वरून शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, असतं, बाजूनं वारं खेळतं आणि आत जाळीचे मजल्यावर मजले, घड एकेरी पसरलेले. हिरवा बेदाणा सावलीत होतो, साधारण दोन आठवडे लागतात. उन्हात टाकला तर लवकर वाळेल पण तांबडा काळपट पडणार आणि बाजारात त्याला भाव नाही. वाळवायचं काम वारं करतंय, उन्हानं फक्त हवा तापवायची. म्हणून तुम्ही पण जाळी घ्या, स्टीलची किंवा फूडग्रेड प्लास्टिकची, खाली दोन विटा देऊन उचलून ठेवा म्हणजे खालनं वारं जाईल, वर मलमलचं कापड. कुरडयांसारखं साडीवर घालू नका, आंबा साडीला चिकटला की दोन्ही गेलं. आणि दुपारी चार वाजले की आभाळाकडं बघा, वळवाचं काही खरं नसतं, आमची तर ऐन सीझनला झोप उडालेली असते. संध्याकाळी सगळं आत घ्यायचं, रात्रीचा दमटपणा लागला तर दिवसभराची कमाई गेली.

ओटीजीवाला_विश्रामबाग:
सांगलीहून. ओटीजीची बाजू मी मांडतो. फळाला 55 ते 60 डिग्री लागतं आणि बऱ्याच ओटीजीचं बटण 100 पासूनच चालू होतं, घोळ तिथे आहे. त्यामुळे सगळ्यात कमीवर ठेवून दार लाकडी चमचा घालून दोन बोटं उघडं ठेवायचं, पंखा असेल तर चालू. दार बंद ठेवलंत तर वाफ आतच फिरते आणि फळ वाळायच्या ऐवजी शिजतं. जास्त आचेवर काय होतं, वरची कातडी कडक होते आणि आतलं पाणी अडकतं, बघायला झकास वाळलेलं दिसतं आणि आठवड्यात बुरशी. घरात लहान पोरं असतील तर दार उघडं ठेवून तासन्तास हा उद्योग नको, हेही आलंच.

पण अननसाच्या फुलाला ओटीजीच बरा. अननसाचे डोळे खोल कोरून काढायचे, पार कागदासारख्या पातळ चकत्या, टिशूने दाबून रस टिपायचा, मग 100 वर दीडदोन तास, मध्ये एकदा उलटवून. कडा तपकिरी व्हायला लागल्या की गरम असतानाच मफिनच्या साच्यात किंवा वाटीत दाबून ठेवा, गार होताना पाकळ्या वर वळतात. डोळे काढल्यामुळे कडेला ज्या खाचा पडतात त्याच पाकळ्या दिसतात, वेगळं काही कापावं लागत नाही.

मोसंबीचं चाक 4 मिमीच्या आसपास, सालीसकट. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, चकती केली की फोडी सुट्या होऊन हातात येतात, त्यापेक्षा मोसंबी घ्या.

वाईची_आजी:
अगं एवढं मिमी न् डिग्री कशाला. पिकून मऊ झालेला आंबा असेल तर त्याच्या फोडी करूच नकोस, आंबापोळी घाल. रायवळचा रस गाळून, थोडी साखर घालून जरा आटवायचा, ताटाला तुपाचा हात लावून पातळ थर द्यायचा, वाळला की त्यावर दुसरा. पोरं हातातून ओढून खातात. फोडी हव्याच असतील तर घट्ट आंबा घे, तोतापुरी नाहीतर जरा कमी पिकलेला केशर. आणि आंबट निघाला तर फोडी रात्रभर साखरेत ठेव, पाणी सुटतं ते गाळून सरबताला, फोडी जाळीवर.

फूडटेक_कराड:
आजींची साखरेची युक्ती शास्त्राला धरूनच आहे, साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि मग वाळायला वेळ कमी लागतो. फक्त चिकटपणा वाढतो आणि डब्यातला खाऊ म्हणून दिला तर ते मिठाईच झालं, म्हणून मी स्वतः आंब्याला साखर लावत नाही. वाळल्यावर तो आपोआपच गोड लागतो, एक किलो गराचे जेमतेम दोनशे ग्रॅम उरतात, गोडी सगळी तेवढ्यात.

केळ्याचं: कापल्यावर हवा लागली की त्यातलं एन्झाइम रंग बदलतं. लिंबाच्या पाण्यात, अर्धा लिटरला एक मोठं लिंबू, चकत्या पाचेक मिनिटं ठेवा आणि निथळून लगेच जाळीवर. एकदम पांढरी राहणार नाहीत, बदामी रंग येईल आणि तो यायलाच पाहिजे. वसईची सुकेळी बघा, तपकिरीच असतात. बाजारातले ते पिवळेधमक केळ्याचे चिप्स तळलेले असतात, त्यांच्याशी बरोबरी करू नका. केळं पिवळं, नुकतं ठिपके धरलेलं घ्या.

आता जे कुणी सांगत नाही ते. झालं का हे गरम असताना कळत नाही, एक फोड गार होऊ द्या, मोडून दाबा, ओल दिसता कामा नये आणि दोन फोडी एकमेकींना चिकटता कामा नयेत. मग सगळ्या फोडी काचेच्या बरणीत दोनतृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काही फोडी जास्त वाळतात काही कमी, बरणीत ती ओल सारखी होते. काचेला आतून थेंब दिसले तर परत वाळवायला टाका. गच्चीवर वाळवलेलं असेल तर त्याआधी 48 तास डीप फ्रीजरमध्ये ठेवायचं, उणे 18 ला. माश्या, किड्यांनी अंडी घातली असतील तर ती मरतात. आणि साताऱ्याचा पाऊस डोळ्यासमोर ठेवून बरण्या लहान लहान भरा, मोठी एकच बरणी रोज उघडली की जुलैत सगळं मऊ पडणार.

ड्रॅगनवाला_जत:
मशीनबद्दल कुणी बोललंच नाही. ताई तुमच्या ऑर्डरी पावसाळ्यात पण असतील तर घ्या, फक्त उन्हाळ्यापुरतं असेल तर कार्ट रिकामी करा. मी घेतलं कारण ड्रॅगन फ्रूटचा हंगामच जूनपासून दिवाळीपर्यंत, तेव्हा गच्चीचा काय उपयोग. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तडसरचं ड्रॅगन 2021 ला दुबईला गेलं तेव्हापासून लावणारे वाढलेत, पण बारका माल राहतोच की. लाल गराच्या चकत्या 57-60 वर दहा-बारा तास, केकवर असा रंग दिसतो की बघतच राहाल. 500 वॅटचं मशीन दहा तास म्हणजे पाच युनिट, ते हिशोबात धरा.

सातारची_केकवाली:
सगळ्यांना थँक्यू, तेल रद्द 😄 मशीन पावसाळा जवळ आला की बघेन, आत्ता आंबा आणि केळी जाळीवर, अननस ओटीजीत. फक्त आमच्या गच्चीवर वारा असा सुटतो की मलमल सकट सगळं शेजाऱ्यांकडे जाईल. आणि अजिंक्यताऱ्याकडून माकडं येतात ती वेगळीच.

शेडवाला_कवठेमहांकाळ:
वाऱ्याला वरनं दुसरी जाळी टाकून कडेनं कपड्यांचे चिमटे. माकडाला चिमटे कळतात. त्यापेक्षा ऊन येणाऱ्या खोलीत खिडकीपाशी जाळी मांडा, टेबल फॅन आडवा लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर जायला. ग्रिल आहे ना खिडकीला?