पुढची गाडी कोणती? गावरस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्यांनी अनुभव सांगा

आमच्या अल्टोला येत्या सप्टेंबरात १५ वर्षं पूर्ण होतात. २०११ मध्ये पोळा झाल्यावर घेतली होती. ८०० सीसीचं इंजन, एमएच २९ ची पाटी. बहिणीची पाठवणी याच गाडीतून झाली, बाबांना शेवटच्या महिन्यात यवतमाळला दवाखान्यात न्यायचो तेही हिच्यातूनच. आता नोंदणीची मुदत संपते. पासिंग करून आणखी ५ वर्षं चालवता येते. २०२२ पासून नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आहे, वरून पर्यावरण कर. तो खर्च झेपेल, पण आई ७२ वर्षांची झाली, तिचे टोंगळे दुखतात आणि मागच्या सीटवर वाकून बसणं तिला जड जाते.

गाव मारेगाव तालुक्यात आहे. डांबरी रस्ता सोडला की घरापर्यंत दोन किलोमीटर पांदण. पावसाळ्यात ट्रॅक्टरची चाकं दोन चाकोऱ्या पाडतात, मधे उंचवटा उरतो आणि एप्रिलपर्यंत तो विटेसारखा कडक होतो. त्याच्यावर गाडीखालचं ऑइलचं चेंबर घासलं की माझ्या पोटात गोळा येतो.

बजेट आठ लाख. कंपनीच्या पुस्तिका वाचून झाल्या आहेत. तुम्ही आज काय चालवता, कोणत्या रस्त्यावर, आणि पुढची घ्यायची झाली तर आधी काय पाहाल, ते सांगा.

वरुड, जि. अमरावती

दादा, तुमची पांदण अन् आमची पांदण सख्ख्या बहिणीच. संत्र्याची बाग गावापासून तीन किलोमीटर. २०१४ ची बोलेरो आहे माझ्याकडे, घरची आणि वावरातली दोन्ही कामं तीच करते.

एक गैरसमज आधी काढतो. उंच गाडी घेतली म्हणजे चिखलातून निघते, असं होत नाही. साधी बोलेरो मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते, चारही चाकांना जोर नसतो. काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो, मग थरावर थर चढतात. शेवटी मडगार्डात मातीचा गोळा बसतो आणि चाक फिरणंच बंद. तिथे गाडी कोणतीही असो, बैलजोडीच कामी येते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर दोन दिवस गाडी डांबरीवर ठेवायची अन् पायी यायचं, हा आमच्या घरचा नियम आहे.

बाकी आठ महिने तिला तोड नाही. मागे पाट्यांचे स्प्रिंग आहेत, खताचे कट्टे टाका, फवारणीचा पंप टाका, काही फरक पडत नाही. आणि तालुक्यातला कोणताही मिस्त्री तिला हात लावायला घाबरत नाही. मी पुन्हा बोलेरोच घेईन. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजन १५०० सीसीच्या आत असल्याने २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आधी सेस धरून ३१ टक्के होता. तुमच्या बजेटच्या ती थोडी वर जाईल, अन् आईंना चढायलाही उंच पडेल.

ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

मी शिक्षिका आहे. जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर स्वतः चालवते, अर्धा रस्ता जंगलाचा. वॅगनआर आहे, २०१९ ची.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. शाळेच्या आवारात सावली नाही. दुपारी दार उघडलं की आतून भट्टीसारखी झळ येते, स्टेअरिंगला हात लावता येत नाही. आधी चारही काचा उतरवून अर्धा किलोमीटर चालवते, मग एसी लावते. रंग पांढराच घ्या. घरच्या काळ्या गाडीत आणि या गाडीत बसल्यावर फरक अंगाला कळतो.

दुसरी गोष्ट कळकळीने सांगते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीही टाकू नका. आधीच्या गाडीत आम्ही वर्षानुवर्षं टाकत होतो. एक दिवस काटा वर गेला, गाडी रस्त्यात उभी. मिस्त्रींनी खोलून दाखवलं तर आत चहाच्या जुन्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर. पाण्यातला क्षार नळ्यांत बसतो आणि पाणी फिरतच नाही. कूलंट घाला, आणि एक डबा डिकीत ठेवा.

पुढच्या गाडीत मी हेडलाइट पाहीन. शोरूमवाले दुपारी गाडी दाखवतात. मी म्हणेन, संध्याकाळी सात वाजता द्या. हिवाळ्यात परत येताना अंधार पडतो, रोही आणि रानडुक्कर कडेच्या झुडपातून एकदम रस्त्यावर येतात. प्रकाश कडेपर्यंत पडला तर ब्रेक दाबायला वेळ मिळतो. आणि सहा एअरबॅग. त्यावर मी तडजोड करणार नाही, माझी दोन लेकरं घरी वाट पाहतात.

कारंजा लाड, जि. वाशिम

२०१६ ची डिझायर डिझेल. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे हिच्या जागी हीच घेता येत नाही. म्हणून जपून वापरून राहिलो.

समृद्धी महामार्ग आमच्या दारातून जातो. ५ जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला. गावातल्या रस्त्यावर चाळीसने चालणारी गाडी आपण त्याच टायरांवर तिथे १२० ने पळवतो, दोन दोन तास न थांबता, भर उन्हात. माझ्या शेजारच्यांचा मागचा टायर असाच फुटला. माणसं वाचली. नक्षी शाबूत होती, टायर मात्र सात वर्षांचा होता. गाडी कमी चालली म्हणून टायर नवा राहत नाही, रबर उन्हाने आणि वयाने कडक होते.

टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२२१ असेल तर २०२१ चा ३२ वा आठवडा. आज घरी गेल्यावर टॉर्च घेऊन वाका आणि वाचा. स्टेपनीचाही वाचा, तोच सगळ्यांत जुना निघतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

पुढची पेट्रोल डिझायरच घेईन. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या मॉडेलला ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, तेव्हाच मन बनलं.

पुलगाव, जि. वर्धा

सगळे विचारतात म्हणून सविस्तर लिहितो. टियागो इव्ही, २४ युनिटची मोठी बॅटरी, दीड वर्ष झालं. मी पिग्मी गोळा करतो, पाच गावं, रोज ७०-८० किलोमीटर. रात्री नऊला १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली की सकाळी सहाला भरलेली. थंडीत एका भरणीत २०० च्या आसपास जाते, मे महिन्यात एसी लावून १७०.

पण खरी लढाई घरच्या वायरिंगशी झाली. पहिल्या रात्री चार्जरवर लाल दिवा. वायरमन आला, म्हणाला, भाऊ, तुमच्या घरात अर्थिंगच नाही. तीन पिनांचा सॉकेट होता, तिसरी पिन कुठेच जोडलेली नव्हती. मग अंगणात नवीन खड्डा घेतला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वरून माती. तेव्हा हिरवा दिवा लागला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा लाल. माती भेगाळून सुकली होती. आता एप्रिलपासून दर दोन दिवसांनी बायको त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकते, तुळशीला टाकते तसंच.

घरची वीज गावठाण फिडरवर आहे म्हणून बरं आहे. वावरातल्या घरी राहत असाल आणि शेतीपंपाच्या लाइनवर असाल तर रात्रभर वीज मिळेल याचा भरवसा नाही, तेव्हा आधी तेवढं तपासा. आणि आठवड्यातून एकदा नागपूरच्या पलीकडे जाणं होत असेल तर दहा वेळा विचार करा. माझं रोजचं ठरलेलं फिरणं आहे, म्हणून मला ही लाभली. पुढची गाडीही इव्हीच.

चिखली, जि. बुलढाणा

डिझेल घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. बीएस ६ म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो गरम झाल्याशिवाय काजळी जळत नाही, आणि त्यासाठी गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. मी घर, दुकान, वावर असं चार-चार किलोमीटर फिरत राहिलो. फिल्टर गच्च भरला आणि खर्च अंगावर आला. विकताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं. छोटं फिरणं असेल तर पेट्रोलच घ्या.

आरमोरी, जि. गडचिरोली

आरोग्य खात्यात आहे, भामरागडपर्यंत जाणं होते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. इंजिनाची हवा ओढायची नळी बोनेटखाली पुढच्या बाजूला असते. तिच्यात पाणी गेलं की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, ढकलत बाहेर काढा. विम्यात इंजिनचं वेगळं संरक्षण घ्या, साध्या विम्यात हे नुकसान बहुधा भरून मिळत नाही.

माझ्याकडे क्विड आहे. हलकी आहे, चार जण मिळून ढकलतात. पुढची कोणती ते ठरलं नाही.

गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगावकडून

सात माणसांचं घर, म्हणून इको. मागचं सीट काढलं की धानाचे कट्टे बसतात. धान घरी आलं की उंदीरही येतात, आणि बोनेटमध्ये गरम जागा पाहून बसतात. दोनदा वायर कुरतडली. आता रात्री बोनेट उघडं ठेवतो आणि वर एक बल्ब जळत ठेवतो. तेव्हापासून त्रास नाही.

दर्यापूर, जि. अमरावती

अल्टोवाल्या दादांना एक सांगायचं होतं. २०११ ची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणारच. ठेवणार असाल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वायसर बदलून घ्या. आमच्या जुन्या गाडीच्या नळीला बोट लावलं तर काळं बोटाला लागत होतं.

पुन्हा मारेगावहून

सगळ्यांचे मनापासून आभार. वरुडच्या भाऊंचं वाचून दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पांदणीत गेलो आणि मधला उंचवटा मोजला. बहुतेक ठिकाणी १२-१३ सेंटीमीटर. नाल्याजवळ दोनच जागी १७. अल्टोचं पोट १६ वर आहे. म्हणजे १५ वर्षं चेंबर घासत होतं ते फक्त त्या दोन जागी. भाचा आणि मी सकाळी टिकाव-फावडं घेऊन गेलो, उन्ह चढायच्या आत दोन्ही उंचवटे उतरवले. संध्याकाळी तिघं बसून अल्टो काढली. आवाज नाही.

त्यानंतर उंच गाडीच घ्यायची हा हट्ट सुटला. आईला घेऊन वणीला तीन गाड्या पाहिल्या. एकीचा उंबरा रुंद होता, पाय उचलून आत टाकावा लागत होता. दुसरीत सीट खोल. वॅगनआरचं दार उघडलं, आई पाठमोरी झाली, सरळ टेकली आणि पाय आत घेतले. पुन्हा उतरली, पुन्हा बसली. भाचा म्हणाला, आजी, दुसरी गाडी उंच आहे, नाल्यापाशी अडणार नाही.

"नाल्यापाशी अडली तं पायी येईन मी. पन रोज चढता-उतरता टोंगळे काहून दुखवू?"

पांढरी वॅगनआर नोंदवली आहे. अल्टोच्या नळ्या या आठवड्यात बदलतो, पासिंगही करून घेतो. भाच्याला पांढरकवड्याला कामावर जायला ती कामी येईल. टायरही वाचले टॉर्च लावून. स्टेपनी २०११ चीच निघाली.