मदत हवी आहे: कॅनन १५००डीला रिमोट कोणता घ्यावा? (नागपूर)

कॅमेरा कॅनन १५००डी, किटची १८-५५ लेन्स, ट्रायपॉड आहे. कामं दोन: फुटाळ्याच्या काठावरून दिवेलागणीनंतरची पाण्यातली प्रतिबिंबं, आणि रामटेकजवळ खिंडसीला ताऱ्यांच्या रेषा. सीताबर्डीत तीन प्रकार दाखवले: साधी वायर, छोटा इन्फ्रारेड आणि स्क्रीनवाला टायमर. टायमर सगळ्यात महाग, मग तोच घ्यावा का?

प्रतिसाद १
इन्फ्रारेड आधी बाजूला ठेवा. १५००डीत त्याचा रिसीव्हरच नाही, खोक्यावर कॅनन लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही.

वायर मागताना नुसतं "कॅननची द्या" म्हणू नका. कॅननच्या पिना दोन प्रकारच्या. तुमची ई३, म्हणजे २.५ मिमीचा गोल जॅक, हेडफोनच्या ३.५ मिमीपेक्षा बारीक. कंपनीची वायर आरएस-६०ई३ नावाने येते. ५डी, ७डी वगैरेंना तीन टोकांची एन३ लागते, ती तुमच्याकडे बसणार नाही.

फुटाळ्याला तर रिमोटशिवायही भागतं. २ सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, बोटाचा हादरा तोवर विरतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) काढलात तर कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर असतो, त्याचाही धक्का नाही.

प्रतिसाद २
ताऱ्यांनाही टायमर लागत नाही भाऊ. लॉक होणारं बटण असलेली साधी वायर पुरते. मोड एम (मॅन्युअल), शटर ३० सेकंद, एफ/३.५ (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० ते १६००, ड्राइव्ह कंटिन्युअस (सलग फोटो). बटण दाबून पुढे सरकवलं की लॉक होतं आणि कॅमेरा एकामागून एक फोटो काढत राहतो. हे फोटो नंतर एकावर एक जोडले की रेषा होते, आणि दोन फोटोंमधली फट इतकी कमी की ती तुटत नाही.

यात तीन गोष्टी हमखास चुकतात. लेन्स एएफवर (आपोआप फोकस) राहते, अंधारात फोकस सापडत नाही आणि शटर पडतच नाही. म्हणून लाइव्ह व्ह्यूत एखादा ठळक तारा १० पट मोठा करून फोकस करा आणि लेन्स एमएफवर (हाताने फोकस) ठेवा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले ठिपके कमी करणारी सोय) चालू राहतं, मग प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि रेषेचे तुकडे पडतात. तिसरं, लेन्सवर आयएस (हादरा कमी करणारी सोय) असेल तर ट्रायपॉडवर बंद करा.

प्रतिसाद ३
टायमरचं खरं काम ३० सेकंदांच्या पुढे. एम मोडमध्ये शटर ३०च्याही पलीकडे नेलं की बल्ब (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) येतो, मग २ किंवा ४ मिनिटं टायमर मोजतो.

३० सेकंदांच्या फोटोंना टायमर लावणारे एका ठिकाणी फसतात. कॅमेऱ्यावरचे ३० सेकंद प्रत्यक्षात ३२ असतात, कारण शटरचे आकडे दुपटीने चढतात: ८, १६, ३२. टायमरला ३१चं अंतर दिलं तर पुढचा इशारा येतो तेव्हा शटर उघडंच असतं. तो इशारा वाया जातो आणि एकाआड एक फोटो गळतो. ३४ ठेवा. तासाभराच्या रेषेला ३२च्या हिशेबाने सुमारे ११२ फोटो होतात, कार्डात तेवढी जागा आणि बॅटरी पूर्ण चार्ज हवी.

धागाकर्ता
मग लॉकवाली वायर. दुकानात तपासायची कशी?

प्रतिसाद २
कॅमेरा सोबत न्या. डाव्या बाजूचं रबरी झाकण उघडून जॅक पूर्ण आत जाऊ द्या. अर्धवट बसला की फोकस होतो, पण शटर पडत नाही. कारण जॅकचं टोक शटरचं, मधली कडी फोकसची आणि मागचा भाग दोघांचा सामायिक. अर्ध्या दाबावर फोकसचा बीप ऐका. मग एमएफ, बल्ब, बटण लॉक, आणि जॅकजवळची वायर हलक्या हाताने वाकवा. शटर मध्येच बंद झालं तर आतली तार सैल आहे, दुसरी मागा.