मदत हवी आहे: कॉलेज रेडिओवर पहाटेचा कार्यक्रम मिळालाय, गाणी कशी निवडू?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात एमएस करतेय. आमच्याकडे विद्यार्थ्यांनी चालवलेलं एफएम स्टेशन आहे. टॉवर, ट्रान्समीटर सगळं खरंखुरं, शिवाय इंटरनेटवरही ऐकता येतं. सेमिस्टरच्या सुरुवातीला तिथलं प्रशिक्षण घेतलं, लेखी परीक्षा दिली आणि नव्या लोकांच्या वाट्याला जी वेळ येते ती मिळाली: रविवारी पहाटे चार ते सहा.

कार्यक्रम 'फ्रीफॉर्म' आहे, म्हणजे काय वाजवायचं ते निवेदकानं ठरवायचं. अटी दोनच. तासाला चार गाणी 'रोटेशन'च्या कपाटातली, म्हणजे नव्यानं आलेल्या आल्बममधली हवीत. आणि व्यावसायिक रेडिओवर जे दिवसभर वाजतं ते इथे नको.

आता अडचण. मी सांगलीत वाढले. घरी आकाशवाणी, भावगीतं, नाट्यगीतं. इंजिनिअरिंगला पुण्यात आल्यावर हॉस्टेलच्या कृपेनं रॉक आणि थोडं मेटल कानावर पडलं. स्टेशनवरची बाकीची मुलं मात्र कुठल्या लेबलची (म्हणजे रेकॉर्ड कंपनीची) कुठली रेकॉर्ड आधी आली यावरून भांडतात. त्यांच्यात बसले की वाटतं, आपल्याला काहीच माहीत नाही. रोटेशनच्या कपाटात शेकडो सीड्या आहेत, नव्वद टक्के नावं कधी ऐकलेली नाहीत. त्यातून निवडायचं कसं?

दुसरं म्हणजे मराठी किंवा हिंदी काही लावावं का? लावलं तर लगेच 'इंडियन शो' असा शिक्का बसेल अशी भीती आहे, आणि तो मला नकोय. पण दोन तास माझ्या ताब्यात असताना तिकडचं काहीच न लावणंही विचित्र वाटतं. सुरुवात एखाद्या भूपाळीनं करावी असं डोक्यात आहे. पहाटच आहे ना!

आणि माइकवर किती बोलायचं? आई ऑनलाइन ऐकणार आहे (तिकडे रविवारचे दुपारचे अडीच वाजलेले असतील), म्हणून कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नंतर कुठे टाकून ठेवता येईल का, हेही सांगा.

– निळी_छत्री

---

जुनी_कॅसेट:

अभिनंदन! वयानं लहान आहेस असं धरून अगंतुगं करतो. मी बऱ्याच वर्षांपूर्वी जॉर्जियात कॉलेज रेडिओवर कार्यक्रम करायचो, तोही असाच भुताच्या वेळेला.

आधी 'आपल्याला काहीच माहीत नाही' ही भीती काढून टाक. १९८० च्या दशकात आमच्याच राज्यातल्या अथेन्स गावचा आर.ई.एम. हा बँड मोठी स्टेशनं लावत नव्हती, तेव्हा कॉलेजवाल्यांनी लावला. १९९१ मध्ये निर्वाणा हा रॉक बँड गाजल्यावर असलं कॉलेजवालं संगीत, म्हणजे 'अल्टरनेटिव्ह', हाच रेडिओ कंपन्यांचा फॉरमॅट झाला. त्यामुळे आज त्या नावाखाली काय येतं याचा अभ्यास करत बसू नकोस. तुझ्या गावात एफएमची सुई फिरवली तर जे कुठेच सापडणार नाही, ते तुझं. लेबलांची नावं पाठ असणारी मुलं प्रत्येक स्टेशनवर असतात आणि त्यातल्या निम्म्यांना दोन गाणी नीट जोडता येत नाहीत.

कपाटाबद्दल. सीडीच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असेल. संगीत विभागातल्या कुणीतरी आल्बम ऐकून लिहिलेलं असतं: कोणती गाणी चांगली, कुणासारखं वाटतं, कुठल्या गाण्यात शिव्या आहेत. तिथून सुरुवात कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. आठवड्यात एक संध्याकाळ कपाटासमोर बस. प्रत्येक गाण्याची पहिली वीस आणि शेवटची वीस सेकंदं ऐक आणि वहीत लिही: कसं सुरू होतं, कसं संपतं (हळूहळू विरतं की झटकन तुटतं), चाल संथ की जलद, कोणतं वाद्य पुढे आहे. मधलं सगळं नंतर ऐकलंस तरी चालेल. रेडिओवर गाणं एकटं नसतं, आधीच्याच्या शेपटीला बांधलेलं असतं. एकाच प्रकारची चार गाणी ओळीनं लावण्यापेक्षा एका गाण्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात कुठल्यातरी एका गोष्टीनं जुळली, मग ती नुसती व्हायोलिनची एक रेघ का असेना, तर तू कुठल्याही देशातून कुठल्याही देशात जाऊ शकतेस.

नियम प्रशिक्षणात सांगितले असतील, तरी नवे लोक विसरतात ते सांगतो. तास भरताना स्टेशनच्या ओळखीची अक्षरं (कॉल साइन) आणि लगेच परवान्यावरच्या गावाचं नाव, हे बोलायलाच लागतं. इंटरनेटवर प्रसारण असल्यामुळे डिजिटल परवान्याच्या अटी लागू होतात: कुठल्याही तीन तासांत एका आल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी नाहीत आणि सलग दोनच. एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नाहीत आणि सलग तीनच. म्हणजे आवडता आल्बम अख्खा लावायचा मोह झाला तर आवर. कोणतं गाणं कधी लागणार याची यादीही आधी जाहीर करायची नाही.

त्याच परवान्यामुळे आईसाठी रेकॉर्डिंग टाकून ठेवणं अवघड आहे. पाच तासांपेक्षा लहान कार्यक्रम साठवून ऐकवायला त्यात मुभा नाही, आणि मोठ्या कार्यक्रमालाही दोनच आठवड्यांची. स्टेशनची स्वतंत्र काही व्यवस्था असेल तर विचार. नाहीतर आईला म्हणावं दुपारची झोप एक दिवस पुढे ढकल.

---

गवती_चहा:

वाखू (वाचनखूण) साठवली. माझा भाचा असल्याच स्टेशनवर आहे, त्याला पाठवते.

---

स्पष्टवक्ता_सोलापूर:

मराठी लावू नका असं माझं मत. पहाटे चारला तिकडे ऐकणार कोण? पार्टीहून परतलेली पोरं आणि ट्रक ड्रायव्हर. त्यांना शब्द कळणार नाहीत, तुम्ही समजावत बसाल आणि मग कार्यक्रमाचा तास होईल, शाळेतला.

---

तुणतुणं:

स्पष्टवक्ता, शब्द कळायला हवेत हे कुणी ठरवलं? कॉलेज रेडिओचे श्रोते मालीमधली गिटार ऐकतात, जपानी पंक ऐकतात, ब्राझीलचं सत्तरच्या दशकातलं काहीबाही ऐकतात. त्यांना कुठे ओळीचा अर्थ कळतो? समजावत बसायचं नाही हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

निळी_छत्री ताई, 'भारतीय विभाग' करू नका, म्हणजे शिक्का बसणार नाही. पाच ते सव्वापाच भारत, मग परत अमेरिका, असं केलंत की लोक त्या पंधरा मिनिटांत चहा करायला उठतात. त्याऐवजी आवाजाला आवाज जोडा. सत्तरच्या दशकातल्या कॅन किंवा नॉय! या जर्मन बँडचा ठेका ऐका. ड्रम एकच चाल धरून मिनिटच्या मिनिटं पुढे जातात, हलत नाहीत, थांबत नाहीत. त्याच्यामागून गोंधळ लावा. संबळ तसाच रेटत जातो आणि तुणतुण्याची एक तार वर सतत चालू. ज्याला गोंधळ म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याचीही मान डोलेल. लोकशाहीर विठ्ठल उमपांचा आवाज अशा ठिकाणी आला तर स्टेशनवरची लेबलवाली मुलं धावत येऊन विचारतील, हे काय होतं.

---

चोरबाजार_फेरी:

तुणतुणंशी सहमत. माझ्याकडून दोन-तीन नावं, जी तिथल्या मुलांनाही मान्य होतील.

चरणजित सिंग. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. १९८२ मध्ये त्यानं रोलंड कंपनीची तेव्हा नवीन असलेली इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली. कुणी फारसं विचारलं नाही. पुढे शिकागोमध्ये 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं जे संगीत आलं ते त्याच रोलंड ३०३ यंत्रातून, आणि त्याची पहिली गाजलेली रेकॉर्ड १९८७ ची. सिंगसाहेबांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या डीजेंनी कपाळावर हात मारून घेतला. शिकागोवाल्यांनी ती ऐकली होती असा पुरावा नाही, तेव्हा माइकवर 'आमच्याकडेच शोध लागला' वगैरे म्हणू नका. भैरव किंवा ललत लावा, वेळही जुळते.

अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या राष्ट्रीय संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग कंपनीच्या सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला होता. तिथल्या टेपांमधलं निवडक संगीत आता प्रकाशित झालंय. काही तुकडे नुसते सूं-घूं आहेत, मला स्वतःला पाच मिनिटांवर झेपत नाहीत, पण दोन गाण्यांच्या मध्ये पूल म्हणून उत्तम.

आणि गोवा विसरू नका. रेमो फर्नांडिसनं १९८४ मध्ये शिवोलीच्या घरी बसून अख्खा आल्बम एकट्यानं मुद्रित केला आणि कॅसेटी स्वतः फिरून विकल्या. 'इंडी' म्हणतात ते आणखी काय असतं? त्याच्याही आधीचं हवं असेल तर क्रिस पेरी आणि लॉर्ना, कोंकणी गाणी आणि मागे सणसणीत ब्रास. रविवारी पहाटे साडेपाचला ट्रम्पेट, कल्पना करा.

एक विनंती: यूट्यूबवरून उतरवलेलं लावू नका. हेडफोनवर चालून जातं, ट्रान्समीटरवर चिरकं आणि पोकळ वाटतं. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर विकत घ्या आणि न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) मोठी फाइल उतरवा. शिवाय स्टेशनला प्रत्येक गाण्याची नोंद द्यावी लागते, कलाकार, गाणं, आल्बम, लेबल. यूट्यूबवर 'रेअर मराठी फोक ०३' असं नाव असेल तर नोंदवहीत काय लिहिणार?

---

आकाशवाणीवेडा:

बोलण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपण 'आपली आवड' ऐकत वाढलो. गीतकार, संगीतकार, गायक, तिन्ही नावं सांगितल्याशिवाय गाणं लागत नसे. मी इंटरनेटवर अमेरिकन कॉलेजची स्टेशनं ऐकतो (निवृत्त माणसाला वेळ भरपूर). पोरं पाच-पाच गाणी लावतात आणि मग 'ते मघाशी होतं ते अमुक' एवढंच पुटपुटतात. बाळ, तू तीन गाण्यांनंतर माइक उघड, तिन्हींची नावं उलट्या क्रमानं सांग, म्हणजे आत्ता संपलेलं आधी, आणि एखाद्याबद्दल एकच वाक्य. 'हे घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केलंय' असलं काही. आवडलं, छान आहे, मस्त आहे, हे शब्द माइकवर बोलायचेच नाहीत. छान आहे म्हणूनच लावलंस ना?

आणि भूपाळी चारला नको. चारला तुझा श्रोता अजून झोपलेलाच नाही. ती पावणेसहाला ठेव.

---

निळी_छत्री:

धन्यवाद मंडळी, एवढी अपेक्षाच नव्हती! काका, पावणेसहाचा सल्ला एकदम पटला. शेवटी भूपाळी हेच आता नक्की.

पहिल्या अर्ध्या तासाचा कच्चा आराखडा असा केलाय. सुरुवात अ‍ॅलिस कोलट्रेन (अमेरिकन जॅझ हार्पवादक), कारण हार्पच्या मागे चक्क तंबोरा आहे. त्याचा शेवट विरत असतानाच एनआयडीचा एक छोटा तुकडा, मग रोटेशनमधलं एक नवीन, नुसत्या सिंथेसायझरचं, मग माइक. नंतर नॉय! आणि गोंधळ. गोंधळानंतर काय लावायचं तेच सुचत नाहीये. काहीही लावलं तरी पडल्यासारखं वाटतंय.

आणखी दोन शंका. मराठी आणि हिंदी रॅप लावायचा विचार आहे, पण त्यात शिव्या आहेत आणि स्टेशनवर त्या माझ्याशिवाय कुणालाच कळत नाहीत. मग चालतं का? आणि गावातला देशी किराणावाला म्हणतो, दुकानाचं नाव घे, मी तुला महिन्याचा तांदूळ फुकट देतो. गंमतीत म्हणाला असेल, पण विचारून ठेवते.

---

जुनी_कॅसेट:

तांदूळ घेऊ नकोस. प्रसारणात काही बोलण्याबद्दल मोबदला घेतला आणि तो जाहीर केला नाही तर तो थेट कायद्याचा भंग. दुकानदाराला खरंच मदत करायची असेल तर स्टेशनच्या 'अंडररायटिंग'वाल्याकडे, म्हणजे प्रायोजकत्व बघणाऱ्याकडे, पाठव. तिथेही बिनव्यावसायिक परवाना असल्यामुळे नाव, पत्ता, काय विकतात एवढंच सांगता येतं. भाव सांगायचा नाही, 'सगळ्यात ताजी मेथी' म्हणायचं नाही, 'जरूर भेट द्या' तर नाहीच.

शिव्यांचा नियम भाषा बघत नाही. स्पॅनिश स्टेशनांनाही दंड झालेले आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत कायदा सैल असतो, म्हणजे तुझे दोन्ही तास त्यात बसतात. पण बऱ्याच स्टेशनांचा स्वतःचा नियम याहून कडक असतो, तो आधी विचार. आणि तिथे भाषा कळणारी तू एकटीच आहेस म्हणजे चिठ्ठी लिहिणारीही तूच. प्रत्येक रॅपचे शब्द लिहून काढ, कुठल्या मिनिटाला काय येतं ते इंग्रजीत प्रोग्राम डायरेक्टरला दे. पुढच्या सेमिस्टरला दुपारची वेळ मिळाली तर हीच वही उपयोगी पडेल, तेव्हा सवलत नसेल.

---

तुणतुणं:

गोंधळानंतर काहीच सुचत नाही कारण तिथे काही लावायचंच नाही. माइक उघडा. बोला. तास भरताना स्टेशनची ओळख देण्याची वेळ तिथे आणून बसवा.

---

स्पष्टवक्ता_सोलापूर:

मत बदललेलं नाही. पण गोंधळ किती वाजता लागणार तेवढं सांगा.

---

निळी_छत्री:

@स्पष्टवक्ता, आधी सांगायला परवानगी नाही :)

@तुणतुणं, मग आराखडा मागे सरकवते. पहिल्या अर्ध्या तासात रोटेशनमधली आणखी दोन-तीन, आणि गोंधळ पाचला दोन मिनिटं कमी असताना संपेल असा. स्टेशनची लिंक कुणाला हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.