टिर्पिट्झवरचे रात्रीचे हल्ले आणि आरामखुर्चीतले सेनापती

गलबत: परवा इथे एकाने लिहून टाकलं, "एप्रिल १९४२ मध्ये टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर ब्रिटिशांनी रात्री विमानं धाडणं म्हणजे आंधळ्याने दगड भिरकावणं." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

जहाज नॉर्वेत, ट्रॉन्डहाइमजवळच्या फेटनफ्योर्ड या खाडीत, कड्याला पाठ लावून उभं. स्कॉटलंडहून इतक्या लांब सोबतीला लढाऊ विमानं येणार नाहीत, म्हणजे दिवसा गेलात तर मेलात. वरून टाकलेल्या बाँबने चिलखत फुटेल याचीही खात्री नाही. म्हणून हॅलिफॅक्स बाँबफेकी विमानांना गोल सुरुंग दिले, एकेक सुमारे ४५० किलोचा. दोनशे फुटांवर उतरून ते डोंगरउतारावर सोडायचे, घरंगळत पाण्यात जातील आणि जहाजाच्या पोटाखाली फुटतील. तोवर लँकेस्टर ही दुसरी बाँबफेकी विमानं उंचावरून मोठे बाँब टाकून तोफांना गुंतवणार. यात आंधळं काय आहे? घात केला तो धुराने. जर्मनांनी धूर सोडला आणि खाडी दुधाच्या पातेल्यासारखी झाली.

चिकित्सक: "एकाने" काय, नाव घ्या की, मीच तो. योजना कागदावर गोड आहे. आता हिशेब. २७ एप्रिलच्या रात्री ४३ विमानं, ५ परतली नाहीत. दुसऱ्या रात्री ३४, त्यातली २ गेली. जहाजावर ओरखडा नाही. धूर आडवा येतो हे पहिल्या रात्री कळल्यावर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच? आमच्याकडे याला हट्ट म्हणतात. बुडालं कधी? १२ नोव्हेंबर १९४४ ला, उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोजवळ, पाच टनांच्या टॉलबॉय बाँबने. सकाळी, उजेडात!

गलबत: टॉलबॉय १९४२ मध्ये कुठून आणायचा, कुरिअरने? त्याच जुलैत, टिर्पिट्झ बाहेर पडलं असेल या नुसत्या धास्तीने रशियाला माल नेणारा दोस्तांचा पीक्यू-१७ ताफा विखुरला आणि २४ मालवाहू जहाजं बुडाली. टिर्पिट्झने त्या ताफ्यावर एक गोळा झाडला नव्हता. असं जहाज खाडीत उभं असताना गप्प बसायचं?

अनघा_लंडन: भांडा तुम्ही. त्यातलं एक हॅलिफॅक्स इथे लंडनमध्ये, हेंडनच्या हवाई दल म्यूझियममध्ये आहे, आम्ही पाहून आलो. पंख पेटलेला असताना वैमानिकाने ते गोठलेल्या होक्लिंगेन तळ्यावर पोटावर उतरवलं. सहाही जण वाचले. एकाचा घोटा मोडला, तो पकडला गेला, बाकीचे चालत तटस्थ स्वीडनला. विमान बर्फाखाली गेलं, ते १९७३ मध्ये वर काढलं. पत्रा चुरगळलेला, रंग गेलेला, तसंच ठेवलंय. माझी लेक म्हणाली, "आई, हे भंगार का ठेवलंय?" मलाही वाटलं, जरा ठोकून रंगवलं असतं तर?

बुरूज: रंगवून?? ताई, असल्याच विचारांनी आमच्या तालुक्यातल्या किल्ल्याचा दरवाजा गेला. सांधे सिमेंटने भरले आणि वर चकचकीत लाल ऑइलपेंट. दोन पावसाळ्यांत आतलं पाणी बाहेर पडेना, दगडाच्या ढलप्या सुटल्या. घाण्यात चुना मळायचा, त्यात गूळ आणि हिरडा घालायचा, मुरवायचा, याला वेळ कोणाला?

चिकित्सक: आणि हात न लावणाऱ्यांचं काय? आजोळच्या वाड्याला "मूळ रूप, मूळ रूप" करत मामांनी कौलंही बदलली नाहीत. तिसऱ्या पावसात तुळई देवघरावर आली. आजी पाच मिनिटांपूर्वीच तिथून उठली होती. मूळ रूप म्हणे!

बुरूज: कौलं बदलू नका असं कोणी म्हटलं? डागडुजी वेगळी, रंगरंगोटी वेगळी. वाचता येत नसेल तर उत्तरं देऊ नका.

चिकित्सक: वाचता येतं. चुना मळायला तुम्ही येणार होता का?

अनघा_लंडन: मी फक्त विमानाबद्दल बोलले होते हो.

गलबत: धागा कशावर आहे? बेनेटकडे या. दहाव्या स्क्वाड्रनचा प्रमुख, पहिल्याच रात्री धुरात जहाज शोधताना त्याचं विमान पेटलं. पॅराशूटने उतरला, बर्फातून पायी स्वीडन गाठलं, आणि ऑगस्टमध्ये पाथफाइंडर दलाचा प्रमुख झाला. रात्री लक्ष्य सापडत नाही म्हणजे काय, हे त्याने अंगावर घेतलं होतं. ते दल नेमकं त्याच कामासाठी होतं.

चिकित्सक: मान्य. म्हणजे सात विमानं देऊन एका साहेबाला अनुभव मिळाला. महागडा शिकवणी वर्ग, पण मान्य. "आंधळ्याने दगड" मागे घेतो. "धुरात सुरुंग" म्हणू?

गलबत: म्हणा. माणसांना मूर्ख म्हणू नका, बास.

चिकित्सक: माणसांना म्हटलंच नव्हतं. पाठवणाऱ्यांना म्हटलं होतं, आणि ते अजूनही म्हणतो.

बुरूज: चिकित्सक, ती तुळई सागवानी होती का? सागवान तीन पावसांत जात नाही. टोकं भिंतीत घेताना सिमेंट लावलं असणार. मामांना विचारून सांगा.