मदत हवी आहे: लोक फॉर्मपर्यंत येतात आणि गुल होतात

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघी बहिणी जुनी घड्याळं दुरुस्त करतो. चार महिन्यांपूर्वी वेबसाइट केली. लोक येतात, 'दुरुस्ती कशी होते' हे पान शेवटपर्यंत वाचतात आणि 'घड्याळ पाठवा' हा फॉर्म उघडला की गुल! त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आजोबांचं घड्याळ अनोळखी माणसाकडे कुरिअरने कोण धाडेल?

एचटीटीपीएस, म्हणजे साइटची सुरक्षित जोडणी, आहे; त्यासाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकटातलं सर्टिफिकेट घेतलंय. पहिल्याच पानावर '१०० टक्के विश्वासार्ह' अशी सोनेरी मोहोर लावलीय. अभिप्राय खऱ्या ग्राहकांचेच आहेत, पण नावं दिलेली नाहीत. हेडफोन लावून हसणाऱ्या बाईंचा फोटो टेम्प्लेटसोबतच आला होता, तो तसाच ठेवला. काम घरातून चालतं म्हणून पत्ता टाकला नाही.

रंग बदलून बघू का? निळ्याने विश्वास वाटतो म्हणे.

प्रतिसाद

ताई, रंग राहू द्या. आधी ती मोहोर काढा, आपणच आपल्याला दिलेलं प्रशस्तिपत्रक कोण मानतं? आणि त्या हेडफोनवाल्या बाई मला निदान तीन साइटवर भेटल्यात. त्यांच्या जागी तुमच्या टेबलाचा फोटो टाका, भिंग, चिमटे, उघडलेलं घड्याळ आणि तुम्ही दोघी. पूर्ण पत्ता नको असेल तर गाव आणि चालू फोन नंबर तरी द्या. स्टॅनफर्डच्या वेब क्रेडिबिलिटी प्रकल्पाने २००२ मध्ये दहा सूचना दिल्या होत्या. साइटमागची खरी माणसं दिसू द्या आणि संपर्क सोपा ठेवा, या दोन्ही त्यात आहेत.

एचटीटीपीएस हवंच. ते नसेल तर क्रोम २०१८ पासून 'सुरक्षित नाही' असं दाखवतो. पण त्याने माहिती वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच होतं. पलीकडचा माणूस कसा आहे ते त्यातून कळत नाही, फसव्या साइटनाही सर्टिफिकेट मिळतंच. ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचा लोक भलताच अर्थ घेतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

तुमचं खरं दुखणं फॉर्मच्या आधी आहे. घड्याळ पोचल्यावर पेटी उघडताना फोटो काढता का? खर्च आधी कळवता का? ग्राहक नको म्हणाला तर परत पाठवायचे पैसे कोण भरणार? वाटेत हरवलं तर? हे फॉर्मच्या वरच लिहा.

धागाकर्ती

मोहोर काढली. फोटो उद्या उजेडात काढतो. पण परत पाठवायचे पैसे कोणी भरायचे, हे आम्ही दोघींनी आपसातही कधी ठरवलेलं नाही! बहीण म्हणते आपण, मी म्हणते ग्राहकाने. भांडण मिटलं की पान टाकते.