सद्गुण आधी की गुण आधी?

सद्गुण कशाला म्हणायचं यावर चर्चा चाललीय, आणि तिच्यात सद्गुण म्हणजे फक्त नीतिमत्ता, खरं बोलणं, दान वगैरे असं ठरत चाललंय. मला ते अपुरं वाटतं. आमच्याकडे सिंधुदुर्गात औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी विचारतात, "गुण इलो काय?" इथे नीतीचा संबंध नाही, वस्तूची अंगची ताकद आणि तिचा परिणाम विचारतायत. आगळाचा (कोकमाच्या घट्ट रसाचा) गुण पित्तावर, सुंठीचा वातावर. आयुर्वेदात तर गुरु-लघु (जड-हलका), शीत-उष्ण असे वीस गुण मोजलेत, त्यातला एकही मुळात चांगला किंवा वाईट नाही.

हापूसचंच घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्गासह कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. या मानांकनाच्या कायद्याचा गाभाच हा, की फळाचा गुण किंवा लौकिक त्या मुलखातून आलेला असावा. (कर्नाटकी आंबा 'देवगड' म्हणून पेटीत भरणाऱ्यांचे गुण वेगळे, ते दर मोसमात उधळलेले दिसतातच!)

ग्रीकांचा विचारही याच्या जवळचा. आपण ज्याचं भाषांतर 'सद्गुण' करतो, त्या त्यांच्या 'आरेते' या शब्दात वस्तूचं आपल्या कामातलं उत्तमपणही येतं, घोड्याचं धावणंसुद्धा. ॲरिस्टॉटल म्हणतो, शौर्य, संयम हे जन्मतः येत नाहीत, तशी कृती करत राहिल्याने अंगी मुरतात. आपल्याकडे पवळ्याला गुण लागतो तो शेजाराने. मला शेजाराचं म्हणणं जास्त पटतं, कारण सवय तरी माणूस कुणाचं बघून लावतो?