जावाचे सुटे क्लास पायथॉन आणि सी-शार्पच्या जोडीला कसे चालवायचे? सल्ला हवा

उद्यमबाग_मेल्ट:
राम राम मंडळी. आमच्या फाउंड्रीत तीन भाषांचा कारभार झालाय. वजनकाट्याची स्क्रीन सी-शार्पमध्ये, रोजचा रिपोर्ट मी पायथॉनमध्ये काढतो, आणि चार्ज मिक्सचा (भट्टीत कोणता माल किती टाकायचा त्याचा) हिशेब जावाच्या सहा सुट्या क्लासमध्ये आहे. एकत्र बांधलेली जार फाइल नाही, बांधणीचं टूल मेव्हन नाही, पॅकेज (क्लासचं गटनाव) सुद्धा नाही. एका फोल्डरात नुसत्या डॉट क्लास फाइली, म्हणजे कंपाइल केलेला जावा. त्यातल्या दोन क्लासचा सोर्स मिळत नाही, लिहिणारे काका कधीच रिटायर झाले. कार्बन इक्विव्हॅलंट काढायचं, म्हणजे कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवायचा, एवढंच असतं तर मी पायथॉनातच केलं असतं. पण आत स्क्रॅपच्या प्रतीप्रमाणे दुरुस्त्या आहेत आणि भट्टीवरची माणसं त्याच आकड्यावर भरवसा ठेवतात.
पीसी विंडोजचा, ४ जीबी रॅम, नेट नाही. नवीन काही घ्यायचं नाही असं मालकांनी स्पष्ट सांगितलंय. काय करू?

टिळकवाडी_राउंड:
४ जीबीवर जावा आणि पायथॉन एकत्र? विसरा. १६ जीबीचा लॅपटॉप घ्या. मी दिवाळीत घेतला, आठ-दहा खिडक्या उघड्या ठेवून काम करतो, कुठे अडत नाही.

उद्यमबाग_मेल्ट:
दादा, घ्यायचं नाही म्हटलंय की ओ.

मच्छे_जेव्हीएम:
जेपाईप ही पायथॉनमधून जावा बोलावायची लायब्ररी वापरा, दुसरं काही बघू नका. पायथॉनच्या प्रोसेसमध्येच जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) चालू होतं, क्लासपाथला (क्लास शोधायच्या पत्त्याला) तो फोल्डर द्यायचा आणि क्लास नावाने मागायचा. पॅकेज नसलं तरी मिळतो. तीन गोष्टी सांभाळा. पायथॉन ६४ बिट असेल तर जावाही ६४ बिट पाहिजे. एकदा बंद केलेलं जेव्हीएम त्याच प्रोसेसमध्ये परत चालू होत नाही. आणि नेट नसेल तर तुमच्या पायथॉनच्या आवृत्तीची व्हील (इन्स्टॉल करायची) फाइल पेनड्राइव्हवर न्या. रॅमची भीती नको, जावा स्वतःहून मेमरीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत हीप (कामाची मेमरी) वाढवतं, ते १२८ एमबीवर बांधून टाका. आमच्या प्लँटमध्ये असंच चालतंय, मीच बसवलंय.

खानापूर_अण्णा:
सहा क्लाससाठी एवढं कशाला? पायथॉनात परत लिहून काढा. जावा आता कोण शिकतंय?

मच्छे_जेव्हीएम:
अण्णा, बँका बघा, अँड्रॉइड बघा. आपल्या बेळगावच्या व्हीटीयू विद्यापीठाची पोरं आजही जावा शिकूनच बाहेर पडतात.

खानापूर_अण्णा:
शिकतात आणि पुण्याला जातात. इथे मेंटेनन्सला कोण राहतंय? म्हणून तर म्हणतो, एकच भाषा ठेवा.

निपाणी_काटा:
परत लिहू नका!! आमच्या तंबाखूच्या वखारीत एका पार्टीने वजनचिठ्ठीचा प्रोग्रॅम जावातून पायथॉनात आणून दिला आणि दोन हंगाम शेतकऱ्यांशी वाद घालण्यात गेले. कारण साधं आहे. ४२.५ किलो जावाच्या मॅथ राउंडला दिलं की ४३ येतं, पायथॉनच्या राउंडला दिलं की ४२. पायथॉन बरोबर अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. ऋण संख्यांचा पूर्णांक भागाकारही वेगळा: उणे ७ भागिले २ जावात उणे ३, पायथॉनच्या दुहेरी तिरक्या रेघेने उणे ४. तुमच्या दुरुस्त्यांमध्ये असलं काही दडलेलं असेल तर कास्टिंग तुटल्यावरच कळेल.

चिकोडी_क्लाउड:
सरळ स्प्रिंग बूटची (जावातली वेब सर्व्हिस बनवायची चौकट) सर्व्हिस करा आणि क्लाउडवर टाका. सी-शार्प, पायथॉन, उद्या मोबाइल अॅप, सगळे तिलाच विचारतील. मी क्लाउडचा कोर्स केलाय, त्यात पहिलं हेच शिकवलं.

शहापूरची_ताई:
पीसीला नेट नाही हो.
भाऊ, आधी एक बघा. जावापी ही कमांड व्हर्बोज पर्याय देऊन प्रत्येक क्लासवर चालवा. मेजर व्हर्जन दिसेल: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७. मेथडची (क्लासमधून बोलावता येणाऱ्या कामांची) नावं आणि प्रकारही दिसतील, म्हणजे सोर्स हरवलेल्या दोघांनाही काय द्यायचं ते कळेल. सगळे ५२ किंवा त्याखाली असतील तर आयकेव्हीएम या टूलने त्यांची डॉटनेट डीएलएल (सी-शार्पला चालणारी लायब्ररी) होते आणि सी-शार्पमधून थेट बोलावता येतात.

मच्छे_जेव्हीएम:
आयकेव्हीएम चांगलं आहे, पण रिपोर्ट पायथॉनात आहे ना त्यांचा? परत सांगतो, जेपाईप.

टिळकवाडी_राउंड:
रॅम तरी वाढवून घ्या. ताणून ताणून मशीन वापरण्यात माणसाचा वेळ जातो, त्याची किंमत कोणी धरत नाही. जुन्या पीसीपुढे बसून मी खूप हंगाम घालवले आहेत.

अनगोळ_क्यूए:
कोणतंही करा, पण जुने हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला माल) आणि त्यांची उत्तरं आधी एका फाइलीत जमवून ठेवा. नव्या जोडणीतून तीच उत्तरं दशांशासकट आली पाहिजेत. मर्यादेच्या अगदी काठावरची मिश्रणं मुद्दाम घ्या. ही फाइल नसेल तर भट्टीवर नेऊ नका.

उद्यमबाग_मेल्ट:
ताई, बघितलं. पाचांवर ५२, एकावर ५०. मेथड सगळ्या सापडल्या, मोठी मदत झाली. अनगोळवाल्यांचंही पटलं, जुन्या रजिस्टरमधून हीट उतरवून घेतोय.
पण जेपाईप नको, आयकेव्हीएमही नको असं ठरवलंय. एक छोटा जावा मेन, म्हणजे ते सहा क्लास बोलावणारा प्रोग्रॅम, लिहितो. सी-शार्प हीटची ओळ सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या फाइलीत) लिहिल, मेन ती वाचून उत्तराची फाइल करेल, पायथॉन ती उचलेल. रात्रपाळीला काही अडलं तर शिफ्टचा माणूस नोटपॅडमध्ये फाइल उघडून नेमकं कुठे अडलं ते बघू शकतो. जेव्हीएम पायथॉनच्या आत बसलं की तो काही करू शकत नाही, आणि भट्टी कोणाची वाट बघत नाही.

मच्छे_जेव्हीएम:
फाइली टाकत बसणं म्हणजे मागे जाणं. दर वेळी जेव्हीएम नव्याने उठणार.

निपाणी_काटा:
हीटला जेवढा वेळ लागतो त्यात जेव्हीएम शंभरदा उठेल. बरोबर ठरवलंय.

चिकोडी_क्लाउड:
मेन घरच्या जावा २१ वर कंपाइल करून न्या, पटकन होईल.

शहापूरची_ताई:
तसंच नेलं तर पीसीवरचं जुनं जावा तो उघडणारच नाही, अनसपोर्टेड क्लास व्हर्जन म्हणून थांबेल. कंपाइल करताना रिलीज ८ असं सांगा. मेनला पॅकेज देऊ नका, कारण पॅकेजमधल्या क्लासला बिनपॅकेजचे क्लास इम्पोर्ट करता येत नाहीत.
पार्टीची नावं कन्नड-मराठीत असतील तर वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी अक्षरपद्धत) उघडपणे लिहा. विंडोजवर जावा १७ पर्यंत ते न सांगितल्यास सिस्टमची कोडपेज (जुनी अक्षरपद्धत) घेतं. सी-शार्पने फाइलीच्या सुरुवातीला बॉम (न दिसणारी खूण) टाकला तर जावा तो काढत नाही, पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटून राहतो आणि कॉलम सापडत नाही.

अनगोळ_क्यूए:
आणि फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की नाव बदला. नाहीतर पायथॉन अर्धी ओळ वाचून मोकळा होईल आणि रिपोर्टात सिलिकॉन शून्य दिसेल.

उद्यमबाग_मेल्ट:
नाव बदलायचं लक्षात नव्हतं आलं, तसंच करतो. मेन आणि सहा क्लास एका पेनड्राइव्हवर ठेवून एक प्रत मालकांच्या कपाटात देतोय.